उखर्डू पैलवानाचा कान

गालांना साबण आणि हनुवटीखाली वस्तरा असताना माणसाने दचकू नये, एवढी अक्कल मला आहे. तरी दचकलो. बाकावर पाळीची वाट बघत बसलेला छगन नावाचा एक गाडीवान जिनात कापूस उतरवून आला होता आणि सगळ्या दुकानाला सांगत होता, "मी दखेल शे ना त्याले! चोपडाना बाजारमा. येवढी मोठी छाती! पन उजवा कान फाटेल शे त्याना. पाळी आशी लोंबस." न्हाव्याने वस्तरा उचलला. "हलू नका अभिमनभाऊ, कापलं असतं." कापलं होतंच थोडं. "कोणाचा कान?" मी साबणातूनच विचारलं. "उखर्डू पैलवानना," छगन म्हणाला, आणि एवढंही ठाऊक नसलेला इसम जळगावात राहतो कसा, अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांपुढे एक कान आला, आणि तो फाटलेला नव्हता.

उखर्डू पैलवान नावाचा माणूस जगात नाही, हे मला जितकं ठाऊक आहे तितकं दुसऱ्या कोणाला असणार नाही. तो तीन वर्षांपूर्वी, छत्तीस सालच्या उन्हाळ्यात, आमच्या छापखान्यातल्या तीन पायांच्या टेबलावर जन्मला. चौथ्या पायाच्या जागी विटा आहेत. साप्ताहिकाचं शेवटचं पान भरेना म्हणून मालक हीरालालशेठ म्हणाले होते, "कुस्तीबिस्तीचं काही लिहा ना, लोक आवडीनं वाचतात." माझं काम प्रुफं तपासण्याचं. सदऱ्याच्या बाहीत दंड आहे की नाही हे चाचपून बघावं लागेल अशी माझी तब्येत. तालमीत मी आयुष्यात पाऊल टाकलेलं नाही. तांबड्या मातीच्या वासाने मला शिंका येतात. अशा माणसाने दर शनिवारी 'उखर्डू पैलवानाचे पराक्रम' लिहायला घेतले आणि ते असे चालले की माझी मलाच लाज वाटू लागली. फैजपूरच्या एका तुपाच्या दुकानाने पाटी लावली की उखर्डू पैलवान आमचंच तूप खातो. तालमीतली पोरं शड्डू ठोकताना त्याचं नाव घेऊ लागली. छापखान्याच्या पत्त्यावर त्याच्या नावाने कार्डं यायची: पैलवानसाहेब, आमच्या गावच्या जत्रेला या, बैलगाडी पाठवतो. एका गावाहून फेटा आला. तो मी ट्रंकेत ठेवला, कारण परत कुठे पाठवायचा? आणि या तीन वर्षांत त्याचा कान फाटका असल्याचं मी एकाही ओळीत लिहिलेलं नव्हतं. उलट पहिल्याच प्रकरणात लिहिलं होतं की बाकी पैलवानांचे कान मातीत घासून चुरमडतात, याचे मात्र दोन्ही शाबूत. मग माझ्या पैलवानाचा कान कोणी फाडला? खरं सांगतो, दाढी होईपर्यंत मला नुसता राग आला होता. आपल्या घरात कोणी परस्पर भांडी हलवून गेल्यासारखं वाटत होतं.

छापखान्यात आलो तर हीरालालशेठ गादीवर नव्हते, कागदाच्या गठ्ठ्यांपाशी उभे राहून त्यांच्यावरून हात फिरवत होते. विलायतेत लढाई सुरू होऊन महिना झाला होता आणि कागद मिळेनासा झाला होता. शेठ माणूस चांगला. माझ्या आजारपणात त्यांच्या घरून शेठाणी मोहनबाईंनी केलेली मुगाची खिचडी पंधरा दिवस आली आहे. ते म्हणाले, "अभिमन, दिवाळीपासून चार पानं कमी. लढाईच्या बातम्या पाहिजेत लोकांना. तुमचा पैलवान आता आटपा." मी म्हणालो, "बरं." मी सगळ्यालाच बरं म्हणतो. "नुसता आटपू नका हो. मारा त्याला. दिवाळी अंकात. मोठी कुस्ती, दहा हजार माणूस, समोरच्याला चीत करतो आणि तिथेच मातीच्या हौद्यात छाती धरून खाली. बायामाणसं रडली पाहिजेत." मी पुन्हा बरं म्हणालो आणि टेबलाशी येऊन दौतीत टाक बुडवला. अर्ध्या तासाने बघतो तर टाक वाळला होता आणि कागदावर 'उखर्डू' एवढंच होतं. त्या नावापुढे 'मेला' हा शब्द मला लिहिता येईना. एकदा तो शब्द माझ्या कानांनी ऐकलेला होता, ह्याच नावापुढे.

उखर्डू हा माझा भाऊ. तीन वर्षांनी मोठा. त्याच्या आधी आईची दोन मुलं पाळण्यातच गेली, म्हणून हा जन्मला तेव्हा त्याला सुपात घालून गावच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं, शेजारच्या सुंदरबाईने तो 'सापडला' म्हणून उचलला आणि ओंजळभर कोंड्याच्या बदल्यात आईला परत दिला. उकिरड्यावरचं पोर, त्याला कोण मागणार? मृत्यूनेही तोंड फिरवून जावं असा सगळा बेत. नाव तेच, उकिरड्यावरून उखर्डू, आणि उजव्या नाकपुडीत तांब्याची वाळी, म्हणजे देखण्या चेहऱ्यात खोट राहावी. आईने त्याला कधी चांगलं म्हटलं नाही. जेवायला हाक मारायची ती "ये रे केरना" अशी. मला मात्र अभिमन हे ऐटबाज नाव मिळालं. त्याच्या नावाच्या आडोशाला मी बिनधास्त वाढलो. तो मला खांद्यावर घेऊन तापीच्या पाण्यात शिरायचा. त्याच्या मानेला घामाचा आणि ज्वारीच्या कडब्याचा वास यायचा, आणि मी पडू नये म्हणून त्याचे दोन्ही कान धरून बसायचो. गरम, जाड, शाबूत कान. माझ्या पैलवानाचे पेचदार डाव मी इकडून तिकडून ऐकून लिहितो, पण ते कान मात्र ऐकीव नाहीत.

तो गेला अठरा सालच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत, पंधरा वर्षांचा होऊन. गावात घरटी एक मढं होतं, रडायलाही माणसं पुरत नव्हती. त्याच्या पाच आठवडे आधी पोळ्याच्या कुस्त्या झाल्या होत्या आणि त्यात त्याने आपल्याहून दीडपट पोराला अस्मान दाखवून नारळ मिळवला होता. त्या दिवसाची एक गोष्ट मी एकवीस वर्षं कोणाला सांगितलेली नाही. कुस्तीसाठी लांग चढवताना पोरं त्याच्या नाकातल्या वाळीला हसली, तेव्हा त्याने ती उपसून काढली आणि माझ्या मुठीत दिली. म्हणाला, "धर. मायले सांगू नको." कुस्ती झाली आणि मी आनंदाने गावभर ओरडत घराकडे पळालो, भाऊ जिंकना, भाऊ जिंकना. दारात पोचून मूठ उघडली तर ती रिकामी होती. मी परत जाऊन वाट शोधली, चिखल चाचपला, बैलांच्या खुरांत बघितलं. वाळी नव्हती. उखर्डू म्हणाला, जाऊ दे, नाहीतरी मी आता मोठा झालो. पाच आठवड्यांनी तो आईच्या मांडीवर गेला आणि मी कोपऱ्यात बसून माझ्या मुठीकडे बघत होतो. पुढे इंग्रजी चार इयत्ता शिकलो, छापखान्यात खिळे जुळवायला शिकलो, नजर लागणं वगैरे सगळं खुळचट आहे असं दोनदा छापूनही आणलं. ती प्रुफं मीच तपासली. मूठ मात्र अजून मधूनच उघडून बघतो.

दोन दिवस कोऱ्या कागदाशी काढले आणि तिसऱ्या दिवशी गावी निघालो. धरणगावपर्यंत आगगाडी, पुढे सर्व्हिसची मोटार, मग नावेतून तापी. वाटेत एकच विचार डोक्यात घोळत होता: कान चोपड्याच्या बाजारात फाटला, आणि आमचं गाव चोपड्याच्या अलीकडे दोन कोसांवर. आई वाचत नाही, पण गावात लीलाधर शिंप्याच्या ओट्यावर दर आठवड्याला अंक वाचला जातो आणि ती ऐकायला जाते, हे मला माहीत होतं. तीन वर्षांत ती त्याबद्दल माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती आणि मीही काढला नव्हता. मी तिच्या मेलेल्या मुलाचं नाव दर शनिवारी दोन पैशांना विकत होतो, काय बोलणार? आता मनात आलं की म्हातारीला तो खरंच जिवंत वाटत असला तर? चोपड्याच्या बाजारात कोणा धिप्पाड माणसाला बघून ती त्याच्यामागे गेली असली तर? आणि मी तिला सांगायला निघालोय की माय, दिवाळीत तुझा मुलगा पुन्हा मरणार आहे, शेठची तशी इच्छा आहे. नावेत एक शेळी माझ्या धोतराचं टोक चघळत होती. मी तिला हाकललं नाही.

ओट्यावर दहा-बारा माणसं होती. लीलाधर मशीन थांबवून मोठ्याने वाचत होता आणि आई खांबाशी, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून बसली होती. मी बैलगाडीच्या आड थांबलो. माझीच वाक्यं शिंप्याच्या तोंडून फार भपकेदार वाटत होती. 'त्याची भरदार, डौलदार छाती' यात एक 'दार' मी कापायला हवं होतं. लीलाधरने वाचलं, "उखर्डू हसतमुखाने हौद्यात उतरला," आणि आई मध्येच म्हणाली, "कान सांग." लीलाधरने निमूटपणे, जणू छापलेलंच आहे अशा सुरात म्हटलं, "उजवा कान फाटका." लोकांनी माना डोलावल्या. थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "आनि पाय जराखा वढस." लीलाधर म्हणाला, "आणि जरा लंगडतो." वाचन संपलं. आई उठली, ओटीतून मीठ आणि लाल मिरच्या काढल्या आणि तो घडी केलेला अंक मशीनवर ठेवून त्याच्यावरून तीनदा उतरवल्या. कोणी हसलं नाही. बघणाऱ्यांना त्याची सवय झालेली दिसत होती. तांबडी माती नसतानाही मला शिंक आली.

घरी तिने भाकरी वाढली, वर लसणाची चटणी, आणि समोर बसली. मी घास घेईना. "माय," मी म्हणालो, "भाऊ गया ना?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "माले काय याड लागेल शे का? मनीच मांडीवर गया तो." मग तिनेच ताटाजवळची माशी पदराने हाकलली आणि म्हणाली, "तू लिखस ते माले समजस. खोटं शे ते. पन नाव तं त्यानंच शे ना." मी विचारलं, कान का फाडला? बाहेर सुंदरबाईची म्हैस ओरडत होती. "पंधरा वरीस मी त्याले केर म्हने," ती म्हणाली. "येक दिन बी चांगला म्हने नही. मंग त्या पोयाले तू पयत उना, भाऊ जिंकना, भाऊ जिंकना. तो मांगून उना, नारय लिसन. बठ्ठ्या बाया दारमा उभ्या. आनि मनी जीभ घसरनी. मी मोठ्याने म्हने, मना वाघ. बठ्ठ्यासनी आयकं." तिने हात पालथे करून मांडीवर ठेवले. "येकदाव म्हने. त्यानी भरपाई झायी. आनि तू तं दर शनवारले म्हनस. बठ्ठा खान्देशले आयकाडस. त्यानी छाती, त्यानं रूप. खोट म्हनीसन काहीच नही. माले धडकी भरस. मंग मीच कान फाडी टाका."

एकवीस वर्षं ही बाई हे पोटात घेऊन जगली आणि मी शेजारी माझं घेऊन. एका घरात, एकाच परातीत जेवत. मी शहाणा, छापखान्यातला, मी तिला सांगू शकलो असतो की मानमोडीत गावंच्या गावं बसली, कोणाच्या जिभेने नव्हे. तिला ते पटलं नसतं, आणि खरं म्हणजे मलाही कधी पटलेलं नव्हतं. मी ताट बाजूला सारलं आणि वाळीची गोष्ट सांगितली. सांगताना माझी उजवी मूठ वळलेली होती हे मला नंतर कळलं. तिने ऐकलं. मला वाटलं ती ओरडेल. मला ते हवंही होतं. तिने माझी मूठ हातात घेतली, बोटं एकेक करून उघडली आणि तळव्यावरून अंगठा फिरवला. "तू बारा वरीसना व्हता," ती म्हणाली. एवढंच. मी ढसाढसा रडलो, तेहतीस वर्षांचा घोडा. मग मी तिला शेठचं सांगितलं. दिवाळीत मारायचाय. तिचा अंगठा थांबला. "मारू नको," ती म्हणाली, आणि पुढे, अगदी भाव करावा तशा आवाजात, "पाडी टाक. पाय मोड. काहीबी कर. पन घर येऊ दे."

पडणं. हे माझ्या डोक्यातच आलेलं नव्हतं. तीन वर्षांत मी त्याला एकदाही पडू दिलं नव्हतं. कुस्तीतल्या माणसाची पाठ मातीला लागली की तो संपला, मग ती टेकली काय आणि आपटली काय. लिहिताना प्रत्येक शनिवारी मी त्याला जिंकवायचो आणि प्रत्येक शनिवारी मीच पुढे पळत जाऊन ओरडायचो, भाऊ जिंकला. जळगावात परतल्यावर सकाळच्या पहिल्या तासात, खिळे जुळवणारे यायच्या आत, मी शेवटचं प्रकरण एका बैठकीत लिहिलं. दहा हजार माणूस ठेवला. समोर बऱ्हाणपूरचा पुना पैलवान ठेवला. दोन घटका कुस्ती चालली, झटापटीत उखर्डूचा उजवा कान फाटला, पाय मुरगळला, आणि पुनाने त्याला सरळ उचलून पाठीवर टाकला. एखादी कपटाची चाल, निसरडी माती असली काहीच सबब मी दिली नाही. तो स्वच्छ हरला. मग लोक पांगले. ज्यांनी त्याला खांद्यावर घ्यायचं ठरवलं होतं ते पुनाला घेऊन गेले, आणि उखर्डू अंगावरची माती झटकून, लंगडत, एकटाच गावच्या वाटेला लागला. कोणी वळून बघितलं नाही. शेवटची ओळ होती: 'दारात आईने विचारले, जेवायचे ना? तो म्हणाला, हो.' प्रुफं तपासणारा मीच होतो. शेठनी ते वाचलं तेव्हा गठ्ठे पोस्टात पडले होते.

शेठ मला ओरडले नाहीत, ते जास्त लागलं. "हरवलात?" ते म्हणाले. "एवढा वाढवून हरवलात? अहो, मेला असता तर लोकांनी फोटोला हार घातला असता." आठवडाभर कार्डं आली. उखर्डू षंढ निघाला. लेखकाला पैसे चारले. फैजपूरच्या तूपवाल्याने पाटी पुसली. न्हाव्याच्या दुकानात कोणी त्याचं नाव काढेना. छगन गाडीवान भेटला तर त्याने सांगितलं की चोपड्याला दिसलेला माणूस कोणी दुसराच असावा. बघता बघता दोन महिन्यांत माझा पैलवान खानदेशातून पुसला गेला. मी त्याच्यावर नजर लागण्यासारखं काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

पण हे सगळं नंतरचं. तो अंक घेऊन मी स्वतःच गावी गेलो होतो. भाऊबीजेची दुपार होती, ओटा माणसांनी भरला होता आणि लीलाधरने अंक वाचायला घेतला तेव्हा मी म्हणालो, आज मी वाचतो. माझा आवाज बारीक, मागच्यांना ऐकू जाईना, तरी वाचलं. कान फाटला तेव्हा आईने मान हलवली. हे तिला आधीच माहीत होतं. पाठ लागली तेव्हा एक जण उठून, नाक शिंकरून, चालता झाला. मी शेवटची ओळ वाचून अंक खाली ठेवला आणि कोणाच्या नजरेला नजर दिली नाही.

"पाठ लागनी?" आईने विचारलं.

"लागनी, माय."

"आनि घर उना?"

"उना."

ती खांबाला धरून उठली. मला वाटलं मीठ काढते आहे. तिने कपाळावरचा पदर मागे घेतला आणि ओट्यावरच्या आणि समोरच्या दारांतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, अजिबात न भिता, म्हणाली, "मना वाघ." ओट्यावरच्या लोकांनी चक्रावल्यासारखं तिच्याकडे पाहिलं, हरलेल्या माणसाला असं कोण म्हणतं? तिने ते पुन्हा एकदा म्हटलं. मग अंकाची घडी केली, काखेत घातली आणि मला म्हणाली, "चाल घर. भाकर थंडी व्हयी राहिनी." मीठ आणि मिरच्या ओटीत तशाच होत्या, घरी गेल्यावर तिने त्या डब्यात परत टाकल्या.